खाटेतला आवाज आणि सदऱ्यातली माती

प्रति,
मा. कीटक तपासणी अधिकारी साहेब,
ऊस कीड-रोग कक्ष, बारडोली.

विषय : घरात सापडलेला भुंगेरा व कुंभारीण माशी ओळखून लेखी कळविणेबाबत.
संदर्भ : साहेब मराठी वाचतात, असे ऊसतोडीस येणारे राघो यांनी सांगितले.

महोदय,

अर्जदार पुष्पाबाई निंबा बिरारी, मूळ राहणार तालुका शिंदखेडा, हल्ली नवागाम, सुरत, यांच्या वतीने सविनय सादर की, त्यांचे पती निंबा कापडाच्या लूमवर (यंत्रमागावर) कामाला होते. अर्धांगवायूने ते वर्षभर खाटेवर होते. डोळे उघडे, बाकी हालचाल नाही. गेल्या फाल्गुनात वारले.

१. दिवसकार्य उरकल्यावर त्याच रिकाम्या खाटेतून कुरकुर ऐकू येऊ लागली. निंबा झोपेत दात खात. आवाज हुबेहूब तसाच. सून हर्षदा गरोदर आहे. "आई, बाबा अजून इथंच आहेत. मी इथं बाळंत होणार नाही," असे म्हणून ती कडोदऱ्याला माहेरी गेली. भगताने मुलगा ललित यास खाट व खुंटीवरचा निंबांचा सदरा जाळण्यास सांगितले.

२. जाळण्यासाठी खाट उलटी केली असता पायांना बारीक भोके व पिठासारखा भुसा दिसला. एका भोकातून तपकिरी भुंगेरा निघाला. बाईंना हायसे वाटले. ललित म्हणाला, "किडा आज आला असंल. आवाज आधीचा आहे."

३. मग सदरा काढताना तंबाखूच्या खिशात मातीचा गोळा लागला. तो फुटला. आत हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या. मेलेल्या नव्हत्या, काडी लावली की एखादी किंचित थरथरे, बस. शेजारी कुंदन (अर्ज लिहून देणार) याने मोबाइलवर पाहून सांगितले की, हे कुंभारीण माशीचे घर आहे, ही माशी नांगी मारून अळीला लुळी करते व पिलांच्या खाण्यासाठी जिवंत ठेवते. तेव्हापासून बाई घास गिळत नाहीत.

४. आईची ही अवस्था पाहून ललितने जाळणे थांबविले आहे. मोबाइलचे तो मानत नाही. शिक्क्याचा कागद आल्यास हर्षदास घेऊन येतो, असे कबूल केले आहे. तरी दोन्ही किड्यांची नावे व आवाजाचे कारण लिहून मिळावे.

५. निंबा जिवंत असताना, प्रेत गावी न्यायचे की तापीकाठीच उरकायचे, याची चर्चा नातेवाईक त्यांच्या उशाशी बसून करीत. तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, निंबांना काही कळत नाही. म्हणून बाईंचे विचारणे आहे की, लुळ्या अळीला आजूबाजूचे कळते काय? याचे उत्तर हर्षदाला वाचून दाखवायच्या कागदात नसावे. वेगळ्या चिठ्ठीवर, बाईंच्या नावे द्यावे. कळत असले तरी द्यावे.

आपली नम्र, उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
पुष्पाबाई निंबा बिरारी (अंगठा)
नवागाम, सुरत. दि. १२ जून २०२४

सोबत : काडेपेटीत भुंगेरा, डबीत माती व अळ्या. कृपया डबी हळू उघडावी.