दोरीखालच्या गोगलगायींबद्दल

मी, विजयमाला महिपती हरपळे, वय वर्षे ७१, अविवाहित, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम ३ वाचल्यावर माझा पुतण्या रविराज तो मागणारच. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी काही लोकांवर विनाकारण माया केली होती.

कलम १. हडपसरचा राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि आईच्या पाटल्या रविराजला द्याव्यात. तो माझ्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा. दर रविवारी फोन करतो आणि "आत्या, बरी आहेस ना?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता खाडीकाठच्या जमिनीकडे वळतो. मुलगा वाईट नाही, घाईत आहे.

कलम २. शंख साफ करण्यासाठी ज्या प्रेशर कुकरमध्ये मी सव्वीस वर्षे गोगलगायी उकडल्या, तो आमच्या सोसायटीचे अध्यक्ष श्री. रंगराव यांना द्यावा. "इमारतीत दुर्गंधीयुक्त प्रयोग करू नयेत" ही नोटीस त्यांनी माझ्या दारावर तीनदा लावली, त्यातली दोनदा मी सुट्टीवर असताना. शिवाय त्यांना या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करण्याची फार हौस होती. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून कुकर.

कलम ३. मौजे तिवरोंडे येथील खाडीलगतची वीस गुंठे खाजण जमीन, तिच्यावरील कांदळवनासह. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

१९८८ पासून दर डिसेंबरात मी तीस विद्यार्थी घेऊन या कांदळवनात जात असे. तिवराच्या झाडांमधून शंभर मीटरची दोरी ताणायची, दर दहा मीटरवर लाकडी चौकट टाकायची आणि चौकटीत सापडेल ती गोगलगाय व शिंपली मोजून, गोणीत भरून पुण्याला आणायची. दोरी दरवर्षी त्याच जागी, एका वितीचाही फरक नाही. शास्त्रात शिस्त लागते, असे मी मुलांना सांगत असे.

एकोणिसाव्या वर्षी आकडा एक तृतीयांशावर आला. पलीकडच्या ओढ्याकाठी, कधी माझ्या दोरीच्या आसपासही, गावातल्या बायका रोज तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत. मी तिथल्या तिथे गुन्हेगार ठरवून टाकला आणि तसा शोधनिबंध छापून आणला. पुढे हडपसरच्या आमच्या वडिलोपार्जित शेतात इमारतींचे टॉवर उभे राहिले. माझ्या वाट्याला आलेल्या पैशातून मी ही जमीन घेतली आणि तिथे पाटी लावली: "येथे शिंपल्या काढू नयेत. का ते विचारू नये."

वेणूबाई या त्या बायकांतल्या थोरल्या. त्यांनी विचारले नाही, सांगितले. "बाई, आमी खायला न्हेतो, म्हनून बारकी सोडतो. तुमी मोजायला न्हेता, तुमाला बारकी पन लागतात."

मी हे निरीक्षण अशास्त्रीय म्हणून बाजूला ठेवले. त्यानंतर त्या माझ्याशी नऊ वर्षे बोलल्या नाहीत. पाटी मात्र त्यांनी उपटून नेली आणि तिच्यावर मासळी सुकवली.

पाटीनंतर बायका माझ्या जागेत फिरकेनाशा झाल्या, तरी आकडा घसरतच राहिला. शेवटी माझी विद्यार्थिनी शेफाली हिने मला न विचारता दुसरी दोरी ओढ्यापलीकडे, बायकांच्या जागेत ताणली. तिथे चौकटीत बोट ठेवायला जागा नव्हती, इतक्या गोगलगायी. आणि माझ्या दोरीखाली चिखल अंगणासारखा कडक झालेला, झाडांची वर आलेली मुळे मोडलेली. तीस मुले, साठ पाय, सव्वीस वर्षे. जे उरले ते गोणीत. गोगलगायी कोण संपवतो याचा शोध मी त्यांच्या अंगावर उभी राहून घेत होते.

मी शेफालीला काय म्हणावे? "तुझी दोरी वाकडी आहे" असे म्हणाले आणि तिचा प्रबंध वर्षभर अडवला. त्या वर्षाची मला आजही लाज वाटते.

तरी सदर जमीन मी वेणूबाईंना देत आहे. त्या माझ्याआधी गेल्यास त्यांची सून नम्रता हिला मिळावी. रविराजला तिथे लाकडी पायवाट, तंबू आणि "निसर्गस्नेही" रिसॉर्ट करायचे आहे. बाळ, निसर्गावर स्नेह करून काय होते ते तुझ्या आत्याने करून दाखवले आहे.

कलम ४. श्रीखंडाच्या एकेचाळीस डब्यांत माझा शंखसंग्रह आहे. नंबर घातलेले शंख शेफालीला द्यावेत. सोबत कपाटातले माफीचे पत्र, जे मी पाच वेळा लिहिले आणि पोस्टात टाकले नाही. बिननंबरचे सगळे शंख वेणूबाईंच्या हाती परत करावेत. रिकाम्या शंखात खाडीतले खेकडे बिऱ्हाड करतात. पुण्यात मात्र डबे भरभरून घरे कुलूप लावून पडून आहेत.

कलम ५. माझी राख माझ्या दोरीच्या टोकाशी, खाडीत सोडावी असे मी आधी लिहिले होते. गेल्या महिन्यात हा मसुदा घेऊन मी तिवरोंड्याला गेले. वेणूबाई मला दारात उभी करतील की नाही याची धाकधूक होती. त्यांनी नम्रताकडून सगळे वाचून घेतले. मग म्हणाल्या, जमीन घेईन, पण एका अटीवर: दहा वर्षे त्या दोरीच्या जागेत कोणी पाय टाकायचा नाही. आम्हीसुद्धा नाही. राखेचे काय, असे मी विचारले.

"जित्या असताना लय येरझारा घातल्यात, बाई. आता त्या गोगलगायींना जरा इसावा द्या."

तेव्हा राख माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालावी. रंगराव फोडणीसाठी तिथली पाने न विचारता तोडतात. त्यांना कल्पना द्यावी किंवा न द्यावी, हे मी रविराजच्या विवेकावर सोडते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेफालीने करावी. ती नाही म्हणाली तर आग्रह करू नये, तो हक्क मी गमावला आहे.

एक गोष्ट कोणत्याही कलमात बसत नाही, तरी नोंदवते. निघताना वेणूबाईंनी माझ्या हातात एक डबा ठेवला. तिसऱ्यांचे सुके. मी ते हडपसरला आणून, गॅलरीत बसून, एकटीने खाल्ले आणि बराच वेळ रडले. किती तिसऱ्या होत्या ते मी मोजले नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि माझ्यावर दबाव असलाच तर तो माझ्या मनाचा आहे.

सही: विजयमाला महिपती हरपळे

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, याची बाईंनी दोनदा खात्री करून घेतली.

साक्षीदार १: डॉ. चैताली प्रज्ञेश हिंगणे, हडपसर
साक्षीदार २: संतोष कचरू शेवाळे, येरवडा

स्थळ: पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २०२५