बंदर ते मुख्य चौक

प्रिय छकुले,

पस्तिशीला आलेल्या बाईला छकुली काय म्हणतेस, असं तू मागे चिडून लिहिलं होतंस. म्हणणार. तुझं कार्ड मिळालं. तुमचं जहाज आपल्या बंदराला लागणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबणार, जहाजावरच्या लाँड्रीच्या कामातून तुला सुट्टी मिळणार आणि तू टिल्लीला भेटायला घरी येणार, हे वाचलं आणि मी हातातलं काम टाकून स्टुलावर बसले. चार वर्षं झाली तुला लेकीला पोटाशी धरून. नवीन धक्का झाल्यापासून गावात यायला कुठली बस धरायची, असं तू विचारलंयस. सगळं नीट सांगते. फोन मात्र करू नकोस. घरात एकच फोन, तो तुझ्या बाबांच्या खिशात, आणि बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला मी काय सांगायचं! म्हणून हे पत्र तुमच्या आधीच्या बंदरावर, कंपनीच्या माणसाकडे पाठवतेय. वाचून झालं की फाडून टाक.

धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडलं की समोरच पांढरी बस उभी असते. थेट मुख्य चौक, मध्ये कुठे थांबत नाही, जहाजाच्या माणसांना तिकीट नाही. जहाजावर सगळे तुला तीच सांगतील. तू त्या बसच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. ती आता तुझा नवरा चालवतो. गेल्या वर्षी त्याने ती स्वतःहून मागून घेतली तेव्हा डेपोत सगळे हसले. कारण ती ड्यूटी कुणालाच नको असते. दिवसभर फाटकासमोर ताटकळायचं, एक फेरी मारून परत तिथेच यायचं, आणि संध्याकाळी शेवटची फेरी आणून सोडली की जहाज धक्का सोडेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा नियम. कुणी मागे राहिलं तर गाडी हवी म्हणून. ह्याने हौसेने घेतली. म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवतो, पोरांच्या पडलेल्या टोप्या उचलून देतो. डेपोच्या ऑफिसात त्याचा फोटो लावलाय. आणि फाटकातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे तो बघतो. मी मागे एकदा मुद्दाम जाऊन, समोरच्या दुकानात उभी राहून पाहिलं.

मग म्हणशील, साधी बस आहे की. आहे. फाटकापासून डावीकडे चालत गेलं की थांबा लागतो, बस तांबडी, पाटीवर मुख्य चौक. पण अगं, तू कुणाची मुलगी आहेस! चालता यायला लागलीस तेव्हापासून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून वाढलीस. बाबा गाडीवर, मी डेपोच्या कँटीनमध्ये चहा उकळायचे आणि तू या बसमधून त्या बसमध्ये गावभर फिरायचीस. डेपोच्या पोरांना कुणी तिकीट विचारलं नाही कधी. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून सांगायचे, तुमची पोर माझ्याकडे आहे हो, जेवलीय. मला कँटीनमध्ये बसल्या जागी कळायचं तू कुठल्या रस्त्यावर आहेस ते. किती निर्धास्त असायचे मी! ती पद्धत अजून तशीच आहे, छकुले. तू डोक्यावरून रुमाल घेतलास, चष्मा लावलास, तरी जुन्यांपैकी कुणीतरी ओळखणार, तिकिटाचे पैसे परत तुझ्या हातात कोंबणार, आणि पुलावर समोरच्याला आनंदाने ओरडून सांगणार. ती माणसं वाईट नाहीत गं. त्यांना वाटेल, नवराबायकोची गाठ घालून देतोय, पुण्यच पदरात पडेल.

तुझे बाबाही त्यातलेच. तुझं कार्ड आलं आणि मी ते पदराखाली घ्यायच्या आत त्यांनी जावयाला फोन लावलासुद्धा. त्यानंतर आमचं जे भांडण झालं, ते शेजारणीने भिंतीला कान न लावता ऐकलं असेल. त्यांचं एकच पालुपद. ज्याच्या गाडीला इतक्या वर्षांत ओरखडा नाही, तो माणूस बायकोला काय करणार? डेपोत माणूस असाच जोखतात, तुला ठाऊक आहे. गाडी धुतलेली, ब्रेक हळू, गिअरचा आवाज नाही, म्हणजे माणूस सोन्यासारखा. तुझा हात मोडला तेव्हाही ते म्हणाले की जिन्यावरून पडली असेल. मी त्यांना विचारलं, गाडीला ओरखडा आला तर साहेब जाब विचारतो, हिच्यासाठी कोण विचारणार? त्यावर रेडिओचा आवाज वाढवला. त्यांचा जीव आहे तुझ्यावर, खोटं नाही सांगत. पण आपण निवडलेला जावई असा निघेल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही.

लाँचचाही विचार केला मी. खाडी ओलांडून जुन्या गोदामांच्या बाजूला उतरायचं आणि मागच्या रस्त्याने बाजारातून घरी. त्या वाटेने बस नाही, ड्रायव्हर नाहीत. मला इतका आनंद झाला की मी चहा करून प्यायले. मग एकदा जाऊन बघून आले. लाँचला जायलाही त्याच फाटकातून बाहेर पडावं लागतं. टॅक्सीला तेच फाटक, पायी यायलाही तेच. धक्का मोठा बांधला, दिवे लावले, झाडं लावली, आणि बाहेर पडायला दार एकच ठेवलं. तो फेरीवर असताना निघावं म्हटलं, तर फाटकावरचे सगळे त्याच्या ओळखीचे, लगेच कळवतील. पोलीस चौकीतही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की काही झालं तर लगेच या. झाल्यावर मी काय कपाळ घेऊन येऊ?

आणि मला भीती कशाची वाटते सांगू? तो गोड वागायला लागलाय त्याची. ओरडत नाही. माझ्यासाठी गुडघ्याचं मलम आणतो. टिल्ली आमच्याकडेच असते, रविवारी तेवढं तो तिला घेऊन जातो आणि वेळेवर परत आणतो. गेल्या रविवारी तिला आणायला मीच त्याच्या घरी गेले. मागच्या खोलीला त्याने नवा रंग दिलाय, तुझ्या आवडीचा, फिका निळा. पलंगावर नवी चादर. खिडकीला गज बसवलेत. आणि दाराची आतली कडी काढून बाहेरून बसवलीय. मी बघत राहिले तर म्हणाला, आई, एकदा येऊ दे तिला, मग कुठे जातेय. हसत म्हणाला. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर विचारतात, कडी पितळेची आहे का?

वाट सांगते म्हणून बसले आणि एकेक वाट मीच बंद करत आले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. जे लिहायचंय ते लिहायला हात धजत नव्हता. कुठल्या आईने लेकीला येऊ नको म्हणून लिहावं? पण लिहिते. छकुले, जहाजावरून उतरू नकोस. बाबांचा निरोप आला, माझ्या नावाने निरोप आला, टिल्ली आजारी आहे असं कुणी सांगितलं, तरी उतरू नकोस. वकीलबाईंकडे मी गुपचूप जातेय, टिल्लीचा ताबा तुला मिळावा म्हणून कागद होताहेत, झाले की मी तिला घेऊन तू म्हणशील त्या बंदरावर येईन. तोवर एवढंच कर. संध्याकाळी जहाज निघेल तेव्हा कामगारांच्या मजल्यावर, मागच्या कठड्याशी, गोदामांच्या बाजूला उभी राहा. जहाज तिथून इतकं जवळून जातं की माणसांचे चेहरे दिसतात. तेव्हा तो फाटकापाशीच असेल, जहाज धक्का सोडेपर्यंत तो गाडी सोडून हलायचा नाही. नियम त्याने आजवर कधी मोडलेला नाही. आम्ही दोघी गोदामांपुढच्या दगडी कठड्यावर असू. टिल्लीला आधी काही सांगणार नाही, पोरगी आहे, रविवारी बोलून जाईल. तिथे पोहोचल्यावर तिला उचलून घेईन आणि तुझ्याकडे बोट दाखवून सांगेन. जड झालीय आता, पण तुझं जहाज दिसेनासं होईपर्यंत मी तिला खाली ठेवणार नाही.

तुझी वाट बघणारी, तरीही येऊ नको म्हणणारी,
तुझीच,
आई