परसातील लाकडी शेड आहे त्या जागी वसंतापर्यंत उभी राहू देण्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवाना अधिकारी,
नगर कार्यालय, टॅमरॅक बेंड, मिनेसोटा.

अर्जदार : अर्व्हिड नायस्ट्रम, निवृत्त शिक्षक (इयत्ता पाचवी), ४१२, बर्च रस्ता.

विषय : परसातील उतरत्या छपराची लाकडी शेड १८ डिसेंबरपर्यंत हलवण्याच्या अथवा मोडण्याच्या आदेशास ३० एप्रिलपर्यंत स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. ३ नोव्हेंबर २०१४.
२) आपली नोटीस दि. ४ डिसेंबर २०१४ (पहिल्या नोटिशीचे पालन केल्यामुळे निघालेली).

महोदय,

१. माझी पत्नी मार्गिट ऑगस्टमध्ये तळघराच्या पायऱ्यांवरून पडली व तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर ती पुनर्वसन केंद्रात आहे. आमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर असून मध्ये चौदा पायऱ्या आहेत. डॉक्टरांनी तिला एकही पायरी चढण्यास मनाई केली आहे. खालच्या मजल्यावर एकच खोली आहे आणि त्या खोलीत मार्गिटचा हातमाग होता. पलंग आणि माग दोन्ही तिथे मावत नाहीत. मी दोन्हींची मापे कागदावर कापून, खोलीच्या नकाशावर चार प्रकारे ठेवून पाहिली. मुलांना मी हेच करायला सांगत असे. पाचवा प्रकार सापडला नाही.

२. म्हणून सप्टेंबरमध्ये मी परसात शेड बांधली. ती आठ फूट बाय बारा फूट, म्हणजे शहाण्णव चौरस फूट आहे. शंभराच्या आत परवाना लागत नाही, मात्र शेड जमिनीला जखडलेली नसावी, असे आपल्या कार्यालयाने मला सांगितले. त्यानुसार मी ती दोन जाड तुळयांवर उभी केली व तुळयांची पुढची टोके घसरगाडीसारखी वर तासली. छप्पर एकपाखी ठेवले. मागाची उंची साडेसहा फूट आहे व विणणाऱ्या व्यक्तीला उभे राहायला डोक्यावर जागा लागते, म्हणून पश्चिमेची बाजू नऊ फूट घेतली. बर्फ साचू नये म्हणून पूर्वेची सात फूट ठेवली.

३. मागावर चिंध्यांची एक सतरंजी अर्धवट विणलेली आहे. चौदा फुटांपैकी नऊ फूट झाली आहे. मी शाळेत घालत असे त्या सदऱ्यांच्या पट्ट्या फाडून मार्गिटने ती विणली आहे. माग सुटा करायचा तर ताणा, म्हणजे त्यावर ताणलेले उभे धागे, कापावा लागतो, आणि ताणा कापला की सतरंजी संपली. म्हणून सहा जणांनी घराची खिडकी चौकटीसकट काढून माग अखंड बाहेर आणला, शेडच्या तळफळ्यांवर ठेवला आणि त्यानंतर मी पश्चिमेची भिंत बसवली. आधी आतली वस्तू, मग भिंत, असा तो क्रम होता. यास्तव माग दारातून बाहेर येऊ शकत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

४. आपल्या पहिल्या नोटिशीत दोन आक्षेप होते. पहिला, शेडची उंची नऊ फूट, म्हणजे आठ फुटांच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. याबाबत नम्रपणे सांगतो की, नियमावलीत उतरत्या छपराची उंची सर्वांत उंच व सर्वांत कमी बाजूंची सरासरी धरून काढायची आहे. नऊ आणि सात मिळून सोळा. सोळाचे निम्मे आठ. आपण फीत फक्त उंच बाजूला लावली होती. घाईत असे होते. सरासरीचे गणित आपणास येते हे मला खात्रीने ठाऊक आहे, कारण १९८१ साली माझ्या वर्गात भोपळ्यांच्या वजनाची सरासरी आपणच फळ्यावर सोडवून दाखवली होती व ती बरोबर होती. आपण हा आक्षेप मागे घेतलात, याबद्दल आभारी आहे.

५. दुसरा आक्षेप असा की, शेड हलवता येते असे मी म्हणतो, पण ती हलताना कोणी पाहिलेली नाही. ती निदान दहा फूट हलवून दाखवावी, असा आदेश होता. शुक्रवार दि. ७ नोव्हेंबर रोजी पूर्वेकडचे शेजारी श्री. टोइवो काँगास यांनी आपला ट्रॅक्टर आणला. उत्तरेला स्प्रूसचे झाड, दक्षिणेला घर आणि पश्चिमेला सेप्टिक टाकीचे झाकण असल्यामुळे शेड पूर्वेकडेच ओढणे शक्य होते. आपण स्वतः हजर राहून फीत धरलीत. शेड आतल्या मागासह दहा फूट दोन इंच सरकली.

"काय सरकली हो सर!" असे आपण म्हणालात.

"मग, आता परत ढकलू?" असे टोइवोने विचारले.

त्यावर आपण म्हणालात, "नको नको, राहू द्या तशीच. सोमवारी आमचा माणूस फोटो काढायला येईल. पुरावा जागेवर हवा."

६. इथे एक चूक झाली आणि ती पूर्णपणे माझी आहे. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची झोपडी ओढून नेली की तिच्या तुळयांखाली ताबडतोब लाकडी ठोकळे सरकवायचे, नाहीतर ती बर्फाला चिकटते, हे या गावात दाढी न फुटलेल्यालाही ठाऊक असते. मी स्वतः बेचाळीस हिवाळे ठोकळे ठेवत आलो आहे. परंतु शेड तळ्यावर नसून गवतावर असल्यामुळे मला ते सुचले नाही. टोइवोला सुचले नाही. आपलीही तळ्यावर झोपडी आहे, आपणासही सुचले नाही. त्या दिवशी पाऊस पडून जमिनीचा चिखल झाला होता. शनिवारी पारा शून्याखाली अकरावर गेला. सोमवारी आपल्या माणसाने फोटो काढले तेव्हा दोन्ही तुळया चार-चार इंच जमिनीत गोठलेल्या होत्या. फोटोत ते स्पष्ट दिसते.

७. शेड मागे नेण्यासाठी पुढील प्रयत्न केले. प्रथम तुळयांवर गरम पाणी ओतले. ते अर्ध्या तासात गोठले व पकड वाढली. हे प्राथमिक विज्ञान आहे आणि मी ते करायला नको होते. मग मीठ टाकले, त्याने गवत तेवढे मेले. तिसऱ्या दिवशी टोइवोने साखळी लावून ट्रॅक्टर जोडला. साखळी टिकली, तुळयांनाही काही झाले नाही, मात्र दर्शनी बाजूच्या दोन फळ्या ट्रॅक्टरबरोबर निघून गेल्या.

टोइवो खाली उतरून म्हणाला, "मास्तर, अजून एकदा ओढलं ना, तर छप्पर माझ्याबरोबर येईल आणि खोली तुझ्याकडे राहील."

"मग काय करू?"

"एप्रिलपर्यंत गप्प बस. तुला ते जमायचं नाही म्हणा, शिकवायची सवय."

फळ्या मी पुन्हा ठोकल्या आहेत.

८. आपल्या दुसऱ्या नोटिशीत तीन बाबी आहेत. (अ) शेड पूर्वेच्या हद्दीपासून तीन फूट दहा इंचांवर आली आहे, नियमाने सहा फूट हवे. पूर्वी ती चौदा फुटांवर होती, तेथून आदेशानुसार दहा फूट दोन इंच वजा झाले. (ब) शेड आता हलत नाही, म्हणून ती कायम बांधकाम ठरते. कायम बांधकामास परवाना लागतो, परवान्यास पाच फूट खोल पाया लागतो, आणि गोठलेली जमीन खणण्यास आपल्याच कार्यालयाची एप्रिलपर्यंत मनाई आहे. (क) छपरावरचा बर्फ घसरून शेजाऱ्याच्या आवारात पडतो.

यांपैकी (क)बाबत शेजाऱ्याचे म्हणणे मी त्याच्याच शब्दांत देतो : "पडू दे की! माझ्याकडे काय बर्फाचा दुष्काळ आहे?" (अ)बाबत त्याने आपल्या जमिनीची दोन फूट तीन इंचांची पट्टी हिवाळ्यापुरती मला वापरायला लेखी दिली आहे. एक इंच त्याने स्वखुशीने जास्त दिला. परंतु हद्द बदलायला मोजणी लागते, मोजणीला खुंट्या ठोकाव्या लागतात आणि खुंट्या एप्रिलपर्यंत जमिनीत जात नाहीत, असे आपल्या कार्यालयात मला समजले. माग टोइवोच्या गॅरेजमध्ये ठेवण्याचा पर्यायही पाहिला. तिथे ट्रॅक्टर, होडी व ऑक्टोबरपासून टोइवोचा मेहुणा आहे.

९. दि. ९ डिसेंबरला मी आपणास कार्यालयात भेटलो. आपण दार लावून घेतलेत, मला खुर्ची दिलीत आणि कॉफी आणलीत. "सर, नियम मी केलेले नाहीत हो," असे आपण म्हणालात. ते खरे आहे. आपण पुढे म्हणालात, "शेड मोडा, माग घरात घ्या, वसंतात पुन्हा बांधा. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी तुम्हाला सूट दिली तर उद्या गावभर लोक म्हणतील, मास्तरचा विद्यार्थी म्हणून सोडलं."

मार्गिटचा विषय शेडच्या मोजमापात आणणे मला तेव्हा योग्य वाटले नाही. आता तो आणणे भाग आहे. केंद्राची परिचारिका शुक्रवार दि. १९ डिसेंबर रोजी सकाळी घर पाहायला येणार आहे. खालच्या मजल्यावर पलंग आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मार्गिटची आधाराने चालण्याची चौकट फिरेल एवढी जागा तिला दिसली, तर मार्गिट सोमवारी दि. २२ रोजी घरी येईल. जागा नसेल, तर पुढची पाहणी फेब्रुवारीत आहे. आपल्या आदेशाची मुदत दि. १८ रोजी संपते. म्हणजे शेड आदेशानुसार मोडली, तर परिचारिका येईल तेव्हा त्या खोलीत पलंगाऐवजी माग उभा असेल.

१०. माग टाकून का देत नाही, असा प्रश्न येईल. तो मार्गिटनेच मला विचारला होता. सप्टेंबरमध्ये ती म्हणाली, "अरे, विकून टाक तो माग. मी काय आता पायपट्ट्या दाबणार आहे?" मी विकला नाही. ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभी राहिली आणि संध्याकाळी फोनवर तिने मला विचारले, "निळ्या सदऱ्याच्या पट्ट्या उरल्या आहेत का रे?" तेव्हापासून ती केंद्रात रोज वीस पावले चालते. परवा ती एकतीस चालली. पावलांचा हा हिशेब तिचा आहे, मी मागितलेला नाही.

११. आपणास वाटणारी अडचण मी समजू शकतो. विद्यार्थी म्हणून सूट मिळावी, अशी माझी मागणी नाही. म्हणून हा अर्ज मी आपल्याबरोबरच नगर मंडळाच्या पाचही सदस्यांना पाठवला आहे. निर्णय सर्वांनी मिळून घेतला म्हणजे गावाने बोलायचे ते मंडळाला बोलावे. आपल्या दोन्ही नोटिशी नियमाला धरून आहेत, असे मी यातच स्पष्ट लिहितो. माझे म्हणणे एवढेच आहे की, दोन्ही नियम बरोबर असूनही त्यांची बेरीज चुकते, आणि अशा वेळी पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहावे लागते.

१२. यास्तव विनंती की, शेड ३० एप्रिलपर्यंत आहे तिथे उभी राहू द्यावी. जमीन सुटताच मी ती दहा फूट दोन इंच पश्चिमेकडे नेईन आणि या वेळी तुळयांखाली ठोकळे ठेवीन. ही विनंती मान्य होत नसेल, तर भिंती व छप्पर काढून फक्त माग तिथेच ठेवू द्यावा. माग हे बांधकाम नसल्यामुळे त्याला हद्दीपासूनचे अंतर लागू होत नाही. त्यावर बर्फ पडू नये म्हणून चार खांबांवर फळ्यांचे आच्छादन करावे लागेल आणि बर्फ घसरावा म्हणून ते एका बाजूला उतरते ठेवावे लागेल. त्याचा नकाशा सोबत जोडला आहे. तो शेडच्या नकाशाशी बराचसा मिळताजुळता आहे.

१३. या नोटिशींबाबत मार्गिटला काही माहीत नाही. काल, रविवारी, ती फोनवर म्हणाली, "माग नीट आहे ना रे? पायऱ्या नाही चढणार मी, पण परसापर्यंत तर जाईन उन्हाळ्यात."

"जा की," मी म्हणालो. "शेडमध्येच आहे, तुझी वाट बघतोय."

अडतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की, जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नये. काल मी तो दिला. तो खरा करणे आता माझ्या हाती नसून आपल्या हाती आहे. गुरुवारी कार्यालय बंद होण्यापूर्वी आपले उत्तर मिळाले, तर मी शुक्रवारी सकाळी पलंगावर चादर घालून ठेवीन.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,

अर्व्हिड नायस्ट्रम
सोमवार, दि. १५ डिसेंबर २०१४

सोबत :
१) शेडचा नकाशा, उंचीच्या सरासरीसह.
२) चार खांबी आच्छादनाचा नकाशा.
३) श्री. टोइवो काँगास यांचे जमिनीच्या पट्टीचे संमतीपत्र. (मागील बाजूस गळाच्या आमिषाची पावती आहे, ती विचारात घेऊ नये.)
४) परिचारिकेच्या भेटीचे पत्र. यातील तारीख कृपया पाहावी.