भांडण संपलं की उलटायचं

रविवार, ३ मार्च

पुन्हा करपले! बाहेरून कोळसा, आतून कच्चे — हे जमायलाही अंगात कला लागते. चार पोर्क चॉप वाया. कुत्र्याने खाल्ले, पण त्यानेही आधी विचार केला.

नेस्टरचा फोन आला होता. पंधरा तारखेला जहाजावरून घरी. दहा महिन्यांनी! "आल्यावर काय खाणार?" असं उगाच विचारलं. उत्तर ठरलेलंच — "नानायच्या हातचे पोर्क चॉप." लग्नाला पाच वर्षं झाली, पण "व्हॅंजीच्या हातचं" असं या माणसाने कधी काही मागितलं नाही. या वेळी मीच तळणार. आणि त्याला फरक कळता कामा नये!

सोमवार, ४ मार्च

शाळेच्या ऑफिसातून आले ती थेट सासूबाईंना शरण गेले. सगळी गल्ली त्यांना नानाय म्हणते, म्हणजे आई. मीही तेच म्हणते.

"नानाय, मला चॉप शिकवा."

"काय, कोळसा पाडायला? तो येतो की तुला."

मी वही उघडली. लसूण किती? "अंदाजाने." मिरपूड? "अंदाजाने." पातिस, ते माशाचं खारं पाणी, किती? "अंदाजाने." मग वहीत लिहू काय? "लिही ना — अंदाजाने!"

चॉप पातळ हवेत, हाडासकट. चरबीच्या कडेला दोन-तीन खाचा द्यायच्या, नाहीतर तेलात पडल्यावर रुसून फुगतात. मग ठेचलेला लसूण, मिरपूड, पातिस आणि वर कालामान्सीची दहा-बारा इवलीशी लिंबं पिळायची. तासभर मुरवायचं, जास्त नाही. मग फडक्याने अगदी कोरडं पुसायचं.

खरी गंमत पुढेच. चॉप तेलात सोडले आणि नानाय कढईकडे पाठ करून मूग निवडायला बसल्या!

"अहो, बघा तरी!"

"बघायचं काय त्यात? ऐक. आत्ता भांडण चाललंय. भांडणात मध्ये पडू नये." थोड्या वेळाने — "आता गप्पा मारतायत." मला दोन्ही सारखंच! आणखी थोड्या वेळाने बोट वर केलं — "हं, चुगली सुरू झाली. कुजबुज, कुजबुज... उलट!"

उलटला. काय रंग! कडेची चरबी कुरकुरीत, मधे एक डाग नाही. मी आ वासून उभी. नानाय मूग निवडतायत.

बुधवार, ६ मार्च

चुगली ऐकू आली म्हणून उलटले. ती शेजारची पासिंग आणि तिची जाऊ, कुंपणापाशी. चॉप पांढरेफटक.

शनिवार, ९ मार्च

चारांतले तीन जमले!! भांडण आणि गप्पा यांतला फरक मला कळायला लागलाय. नानायना एक दिला. त्यांनी डोळे मिटून कड चावली, कुर्रर्र! म्हणाल्या, "आवाज चांगला आहे."

चवीबद्दल अक्षर नाही. मला जरा लागलंच ते.

मंगळवार, १२ मार्च

घरी आले तर दारातच गॅसचा भपकारा. आणि नानाय आत, सिलिंडरपासून दोन हातांवर, लसूण सोलत गाणं गुणगुणतायत! मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढतच अंगणात आणलं.

"अगं, काय झालं? भूकंप?"

"नानाय, तुम्हाला वास नाही आला?"

हातातल्या लसणाकडे बघत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेला. खारट, आंबट तेवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा."

दोन वर्षं! ही बाई आम्हाला बोटं चाटायला लावते आणि स्वतः पुठ्ठा चावते. रोज एका टेबलावर जेवतो आम्ही. मला कळलं कसं नाही? लाज वाटली स्वतःची. रडायला लागले तर मलाच दटावलं.

"नेस्टरला सांगायचं नाही. तो इंजिनरूममधला माणूस, आगीचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरतं. मला शेगडीजवळ फिरकू देणार नाही. मग मी काय करू? खुर्चीत फुलदाणी होऊन बसू?"

वचन दिलं. बरोबर केलं की चूक, देव जाणे. नळी चिरली होती, ती लगेच बदलून घेतली.

बुधवार, १३ मार्च

करार झाला. नाक माझं, कान त्यांचे. मी घरात नसताना शेगडी पेटवायची नाही. कुरकुरल्या, पण कबूल झाल्या.

आज मुद्दाम त्यांच्याकडे बघत बसले. लसूण तांबूस झाला हे त्यांना आवाजावरून कळतं. भाताचं पाणी आटलं हे झाकणावर बोट ठेवून कळतं. मीठ तर चिमटीला पाठ. मला दोन डोळे, धड नाक, धड जीभ, आणि तरी कोळसा! असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे कुणापुढे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

गुरुवार, १४ मार्च

चॉप आणले, मुरत घातले. उद्या नेस्टर!!

शुक्रवार, १५ मार्च

शुक्रवार! ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, मांस वर्ज्य असलेला शुक्रवार!

नानायनी फ्रिज उघडला आणि कपाळावर हात मारला. "शुक्रवारी डुक्कर? नवरा येणार म्हणून येशूला विसरलीस होय गं?" आणि हसत सुटल्या. उद्यापर्यंत ठेवावेत, तर "तासभर, जास्त नाही" हे विसरून मी कालपासूनच मुरत घातलेले; रात्रभर कालामान्सीत राहून मांसाचा खडू झालेला. मी ढसाढसा.

नेस्टर आला, आईचा हात कपाळाला लावला, जेवायला बसला. ताटात तळलेला मासा.

"दहा महिने मासेच खातोय मी!"

"मग सवय असेल," नानाय म्हणाल्या.

शनिवार, १६ मार्च

सकाळी नवे चॉप आणले. मी तळायला उभी, नानाय पाठ करून बसलेल्या. आज त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आणि नेस्टर दारात उभा राहून बघतोय! भांडण... गप्पा... कुजबुज. उलटले. जमले!

सहा खाल्ले त्याने. भाताचे तीन डोंगर. शेवटी हाड हातात धरून चोखत म्हणाला, "नानाय, तुझ्या हाताची चव अजून तशीच आहे!"

मी खाली बघितलं. असू दे त्यांचं नाव. तेवढी शेगडी तरी त्यांच्याकडे राहील.

"डोळे कुठे होते तुझे? हात हिचा," नानाय म्हणाल्या. "मी नुसती बसले होते."

नेस्टरने हाड ताटात ठेवलं. आता आईला विचारणार, तू का नाही तळलेस? त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हॅंजीच्या हातचे," एवढंच म्हणाला, आणि सातवा उचलला.

रविवार, १७ मार्च

चर्चमधून आलो. नानाय मागे पासिंगशी बोलत राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले तर नेस्टर गुडघ्यांवर, सिलिंडरशेजारी, जमिनीलगत भिंतीला एक पांढरी डबी बसवतोय. गॅस गळला की बोंब मारते म्हणाला, जहाजावर असते तशी.

"कधी घेतलीस?"

"मागच्या सुट्टीनंतर. पहिलं बंदर लागलं तिथेच."

त्याने बाहेर नजर टाकली, आवाज खाली आणला. "तेव्हा माझे जहाजावरचे घामट मोजे दोन दिवस तिच्या खुर्चीखाली पडले होते. एक शिवी दिली नाही तिने. मला माहीत आहे हे तिला सांगू नकोस, व्हॅंजी. कळलं तर मला घोर नको म्हणून आपणहून शेगडी सोडेल ती."