गिरिधरच्या खात्यावर

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज नागपूरजवळच्या वाडीला रुजू झालो. अमरावती रोडवरचे ट्रान्सपोर्टचे गोदाम, त्याच्या माडीवर ऑफिस, आणि त्यात एक टेबल माझे एकट्याचे! कॉलेज अर्धवट सोडलेल्या मुलाला असे टेबल मिळेल, हे आमच्या कुही गावात कोणाला खरे वाटले नसते. काम स्वच्छ आहे. कामगारांची ऑनलाइन खाती सांभाळायची. नाव, फोटो, विभाग, घरचा नंबर, जे बदलेल ते मी बदलायचे. गेटवरचे चेहरा पाहणारे हजेरीचे यंत्र त्यावरच चालते. हजेरी लागली की घरच्या नंबरवर मेसेज जातो.

पहिले खाते माझेच. सुमंत साहेब म्हणाले, नवीन उघडू नको, दर खात्याचे भाडे लागते. इथे गेलेल्या माणसाच्या खात्यावरच नवा बसवतात. माझ्या आधी काटोलचा गिरिधर होता. एक दिवस आला नाही, मग आलाच नाही. त्याचे नाव पुसून संघपाल लिहिले, माझा फोटो लावला, आईचा नंबर टाकला. वेलांटी न् वेलांटी तपासली.

संध्याकाळी आईला फोन केला. जय भीम म्हटले आणि ती रडलीच. माह्या पोराले खुर्ची भेटली, म्हणाली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गेटवरचे यंत्र मला बघून गिरिधर म्हणाले. चौकीदार लहानू पोट धरून हसला. काहून गा संघपाल, दुसऱ्याची हजेरी लावून राहिला, म्हणे. मीही हसलो.

वर येऊन खाते उघडले. नाव गिरिधर. बदल करणारा म्हणून नोंद माझीच. मी केलेला नाही. नक्की नाही. साहेब म्हणाले, मशीन हाये गा, पुन्हा लिही.

पुन्हा लिहिले. जतन झाले, हे तीनतीनदा पाहिले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

परत गिरिधर. आता घरचा नंबरही काटोलचा. फोटोत जाड भुवयांचा, खालचा ओठ किंचित वाकडा असलेला मुलगा.

लहानू चहा घेऊन आला. आलात का गिरिधरभाऊ सुटीवरून, म्हणाला. मला वाटले, टोमणा मारतो आहे. पण तो हसत नव्हता. पडद्याकडे बघून म्हणाला, फोटो मस्त आला तुमचा.

धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता विचारले, इतके महिने कुठे होतास गा?

सोमवार, १० नोव्हेंबर

माझ्या नावाचे नवे खाते उघडायला गेलो. पैसे माझ्या पगारातून कापा म्हटले. संगणक म्हणतो, हे नाव आधीच वापरात आहे. शोधले तर कुठेच नाही.

आरशात ओठ —

नाही. माझाच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रंभाबाई आल्या. गिरिधरची आई. हजेरीचा मेसेज मिळाला म्हणून पहिल्या बसने काटोलहून निघाल्या. पिशवीत संत्री. मी संघपाल, कुहीचा, असे सांगत राहिलो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. वाळला रे माहा सोन्या, म्हणाल्या. किती रडल्या. लहानूही रडला.

आईला फोन लावला. जय भीम म्हटले. तिनेही जय भीम म्हटले. मग म्हणाली, कोन बोलून राह्यले गा भाऊ? मी नाव सांगितले. तिने ते पुन्हा विचारले. मग अगदी मायेने म्हणाली, नंबर चुकला असन बापा, मले लेकरूच नाही.

परत लावला. उचलत नाही.

दुपार

खाते काढून टाकायचे. गिरिधर गेला तर मी —

ज्याला काढायचे त्याचे नाव लिहा, संगणक म्हणतो. गिरिधर लिहिले. जुळत नाही. पुन्हा. जुळत नाही.

संघपाल लिहिले.

जुळले. काढून टाकायचे लाल बटण उमटले.

हे नाही दाबायचे. उजवा हात माउसपासून दूर ठेवून डाव्या हाताने वहीत हे लिहितो आहे. ती खिडकी बंद करायला हवी. रंभाबाई मागे उभ्या आहेत, म्हणतात, किती लिहिशीन गा, चाल ना, बस सुटते. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि माउसवर —