बिनआवाजाचा कॅमेरा

४ जाने., रविवार

आबा आजही नाक्यावर गेले नाहीत. वर्ष होत आलं. चहा घरीच, पेपर घरीच. गेल्या वर्षी बैलगाडीच्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर निशाण धरून उभे होते, दरवर्षीसारखेच. खाडीपलीकडच्या बाळूशेटची जोडी पुढे दिसली, निशाण तिकडे टाकलं. आपल्याच गावाने माझ्या बापाला "पैसे खाल्ले" म्हणून ऐकवलं. वाळूत पडलेली त्यांची टोपी मी उचलली. मेले तरी विसरणार नाही.

आज नितीन आला. शाळेत माझी पेन्सिल चोरायचा, आता शर्यत कमिटीचा सेक्रेटरी. "वैशू, यंदा रेषेवर कॅमेरा लावू. तुझा स्टुडिओ हाय, तूच बघ. फक्त कॅमेरा तुझा तू आण."

वा रे वा! पण मी हो म्हटलं. अट एकच: निशाण आबाच धरणार. यंदा फोटो त्यांच्या बाजूने बोलेल, मग बघू कोण तोंड उघडतो ते.

६ जाने.

स्टुडिओतला कॅमेरा पासपोर्ट फोटोपुरता. समोरचा श्वास रोखून बसला तर ठीक. आज अंगणात मोत्याला पळवून बघितलं. बटण दाबलं तेव्हा कुत्रा होता, फोटोत नुसतं शेपूट. मोबाइलवर तर तेही नाही, एक काळा फराटा.

पाहिजे काय, तर बटण दाबल्याबरोबर टिपणारा, पळत्या बैलावरचा फोकस न सोडणारा, लागोपाठ खटाखट काढणारा. आणि माझ्या भिशीत बसणारा. म्हणजे नवरा गोरा, उंच, शिकलेला आणि सासूशिवायचा.

११ जाने., रविवार

माणगाव. लग्नाचे फोटो काढणारा सचिन त्याचा जुना मोठा कॅमेरा विकतोय. हायवेवर उभी राहून येणाऱ्या एसट्यांचे फोटो काढले. फोकस काय धरतो! पाटी वाचता येते. पण सेकंदाला पाचच फोटो. दोन फोटोंच्या मधे एसटी दारभर पुढे सरकते. त्या फटीतून बैलजोडी निघून गेली, की रेषेवर कोण आधी हे कोणाला विचारायचं?

सचिन म्हणे, "ताई, बटण वेळेवर दाबायची सवय लागते." सवय लागेपर्यंत शर्यत थांबणार आहे का? तरी दोन-चार दिवस वापरायला घेऊन आले.

१४ जाने., संक्रांत

मधूकाकांची जोडी (आपल्या गावातर्फे तीच पळणार) वाळूवर सरावाला आणली होती. मी सचिनचा कॅमेरा लावला. खडखडखडखड! पत्र्यावर कोणी खडे ओतावेत तसा आवाज. अलीकडचा बैल बुजला, गाडी थेट पाण्यात. मधूकाका माझ्या सात पिढ्यांपर्यंत पोहोचले. तिळगूळ घ्या, गोड बोला.

पण एक झालं. आबा आले होते! लांब सुरूच्या झाडाखाली उभे. घरी येऊन म्हणाले, "आवाज न्हाय पायजे गो बाय. बैल रेषेवर बुजला तर शर्यत बैलाची राहिली न्हाय, मशीनची झाली."

पटलं. सचिनचा कॅमेरा रद्द.

२० जाने.

अलिबाग. घेतला!! छोटा, नवा, आत खडखडणारा आरसा नसलेला. नेहमीच्या शटरवर बेताचाच, पण बिनआवाजाच्या शटरवर सेकंदाला वीस. वीस! आणि आवाज शून्य. दुकानात भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याचे फोटो काढून बघितले, मुंगीचं पाऊल वाजेल पण हा नाही.

दुकानदाराला तीनदा विचारलं, बिनआवाजात काढलं तर तोटा काय? "बॅटरी जरा जास्त खातो मॅडम, बाकी काय नाय. ॲक्शनसाठीच हाय तो." भिशी गेली. आईला अर्धीच किंमत सांगितली.

२६ जाने.

काशीदला. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे पळवतात, त्यांच्यावर हात बसवला. एक घोडा, वीस फोटो, एकही हललेला नाही. संध्याकाळी आबांना दाखवले. मोठा करून, अजून मोठा करून.

"अगो, ह्याच्या नाकपुडीतला केस दिसतोय!"

हसले. मोठ्याने हसले. आई चुलीपुढून बघायला आली काय झालं म्हणून.

४ फेब्रु.

उद्या शर्यत. संकष्टीला ओहोटी सकाळी चांगली लागते, वाळू घट्ट. रेषेवर दोन काठ्या रोवल्या, मधे चुन्याची रेघ. अलीकडच्या बैलांच्या आड पलीकडचे दिसणार नाहीत, म्हणून मी किनाऱ्याच्या बाजूला टेबलावर, वरून. दोन्ही काठ्या एकाआड एक येतील असा कॅमेरा घट्ट बसवला. आबांनी स्वतः डोळा लावून बघितलं. "रेष सरळ हाय."

चिठ्ठ्या टाकल्या. किनाऱ्याकडची वाट मधूकाकांना, समुद्राकडची बाळूशेटला. आबांनी टोपी धुऊन वाळत घातलीय.

५ फेब्रु.

आजचं आजच लिहून ठेवते.

दोन्ही जोड्या बरोबरीने आल्या. शेवटपर्यंत बरोबरीने. मी बटण दाबून धरलं, बैलांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आबांनी निशाण टाकलं. समुद्राकडे. बाळूशेटकडे.

मग तोच आवाज, गेल्या वर्षीचा. मी ओरडले, "थांबा! फोटो बघा!" मीच ओरडले. मला वाटलं आता आबांची...

नितीनने लॅपटॉप उघडला. पन्नास डोकी वाकली. मधूकाकांच्या बैलाचं नाक रेघेवर. बाळूशेटच्या बैलाचं चार बोटं मागे. स्वच्छ दिसतंय, आंधळ्यालाही दिसेल.

"तात्या, तुमची नजर गेली," नितीन आबांना म्हणाला. वाईट बोलला नाही, कीव केल्यासारखा बोलला, ते जास्त लागलं. आबांनी फोटो बघितला. पुन्हा बघितला. "फोटो खोटं कशाला बोलंल," म्हणाले, आणि निशाण नितीनच्या टेबलावर ठेवलं.

ढाल मधूकाकांना. गुलाल माझ्याही अंगावर. गाव मला खांद्यावर घ्यायचं बाकी होतं. करायला गेले गणपती, झाला मारुती.

६ फेब्रु.

आबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणतात. स्वतःहून. कालवणातला काटा दिसत नाही असंही म्हणाले, जेवताना दोनदा ताट डोळ्यांजवळ नेलं. परवापर्यंत होडीवरची खूण किनाऱ्यावरून ओळखत होते हो!

नितीन घरी येऊन गेला. त्यांचं जुनं निशाण "आठवण म्हणून" परत देऊन गेला. आबांनी ते खिळ्याला टांगलं. रविवारी पंधराला देवळात बैठक, पुढच्या सगळ्या शर्यतींचा निकाल माझ्या कॅमेऱ्यावर लावायचं ठरवणार. आईला आनंद झालाय. मला तो खिळाच दिसतोय.

८ फेब्रु., रविवार

मधूकाका स्टुडिओत. जिंकल्याचा फोटो मोठा करून फ्रेम करून दिला होता, तो परत घेऊन आले.

"दुसरा काढ. ह्यात माझ्या गाडीचं चाक वाकडं आलंय."

"काका, गाडी पळताना..."

"पळताना काय चाक अंड्यासारखं होतं? मी सोता बसवलंय. लोक म्हणतील मधूला चाक बसवता येत न्हाय."

हसून घालवलं त्यांना. ढाल मिळाली, आता चाकाची हौस! मग फोटो टेबलावर ठेवला आणि बघत बसले. चाक खरंच वाकडं आहे. बाळूशेटच्या गाडीचंही. जमिनीतल्या काठ्या मात्र सरळ.

९ फेब्रु.

टेबलफॅन पूर्ण वेगात लावला. नेहमीच्या शटरने काढला: पाती सरळ. बिनआवाजाच्या शटरने: पाती केळ्यासारखी वाकलेली. दहा वेळा काढला. दहाही वेळा केळी.

सचिनला फोन केला. तो हसला. "मग काय ताई! बिनआवाजाचं शटर फोटो एकदम घेत नाही. वरून खाली ओढत नेतं, आपण चटई उलगडतो तसं. फोटोतला वरचा भाग आधीचा, खालचा जरासा नंतरचा. नवरा-नवरी उभी असतात तेव्हा कळत नाही."

फोन ठेवला. मधूकाकांचे बैल अलीकडचे, म्हणजे फोटोत खाली. बाळूशेटचे वर. म्हणजे मधूकाकांच्या बैलांना पुढे सरकायला जरासा वेळ जास्त मिळाला. किती? आकडेमोड केली. चार बोटं सहज होतात. कमीही असतील, जास्तही.

बैल बुजू नयेत म्हणून बिनआवाजाचा घेतला मी. दुसऱ्या कशाची शर्यत असती तर आवाज चालला असता, ही चूक झालीच नसती.

१० फेब्रु.

आबांना सांगितलं. पंखा लावून, फोटो काढून, समजावून. ते केळ्यासारखी पाती बघत बसले.

"म्हंजे माझी नजर बरोबर होती?"

ओठांवर व्हय आलं होतं. म्हणता नाही आलं. "तसं पण सांगता येत नाही आबा. बाळूशेट पुढे असतील, बरोबरही असतील. एवढंच की फोटोवरून ठरवता येत नाही."

"मग कशाला सांगितलंस?"

उठून मागच्या दारी गेले. त्यांची नजर मी घेतली आणि आता परतही देता येत नाही.

१२ फेब्रु.

नितीनला सांगितलं. आधी त्याला कळेना, मग कळलं तेव्हा त्याने स्टुडिओचं दार ओढून घेतलं.

"गप बस. ढाल गावात घरोघर फिरून झाली. बाळूशेटने पण मान्य केलं, हात मिळवला. आता तू उठून फोटो खोटा म्हणालीस, तर त्या लोकांना वाटंल आपण ठरवून केलं. पुढच्या वर्षी खाडीपलीकडून एक गाडी न्हाय यायची."

"आणि आबा?"

"तात्यांना काय झालं? वय झालं." मग हळूच, "वैशू, स्टुडिओ तुला याच गावात चालवायचा हाय."

धमकी होती का? नितीन तसा वाईट नाही. म्हणूनच भीती वाटली.

आई म्हणते, झाकली मूठ राहू दे. रात्रभर तेच डोक्यात. उद्या सचिनकडून त्याचा खडखड करणारा आणून पुढच्या वर्षी बैलांना आवाजाची सवय लावू, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. येईल की. आबा मात्र डोळ्यांत थेंब घालून जन्मभर स्वतःवर संशय घेत बसतील.

१४ फेब्रु.

अलिबागहून आलो. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू कोवळा आहे. लांबचं अजून बरं दिसतं, "तसं नक्की सांगता येत नाही."

कोणालाच काही नक्की सांगता येत नाही. फक्त मला आलं होतं, त्या दिवशी, वाळूवर, ओरडून. "फोटो बघा" म्हणाले तेव्हा.

येताना एसटीतून उतरताना आबा म्हणाले, "चाकाचा फोटो किती मोठा निघतो तुझ्याकडं?"

१५ फेब्रु., रविवार

बैठक सकाळी दहा वाजता. सकाळी उठून दोन फोटो भिंतीएवढे नाहीत, पण परातीएवढे काढले. एक चाकाचा, एक पंख्याचा. गुंडाळी केलीय. काय बोलायचं ते पाठ केलं, आता एक शब्द आठवत नाही. मधूकाका पुढच्याच रांगेत बसतील. बाळूशेटलाही बोलावलंय म्हणे, सत्काराला. बरंच झालं, एकदाच सांगून होईल, नाहीतर खाडीपलीकडे जाऊन पुन्हा सांगावं लागलं असतं.

आईने चहा दिला नाही. रागावलीय.

आबा अंगणात उभे आहेत. इस्त्रीचा सदरा, धुतलेली टोपी. खिळ्यावरचं निशाण काढून काखेत धरलंय. नितीनला देऊन टाकायला की हातात धरून उभं राहायला, विचारायचा धीर झाला नाही.

"येतेस ना गो?"

चपला घालते.