भोक पडलेले पाच अंक

३ मार्च

परत तेच! पिनवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ‘ताई, अंक एकदम पूर्ण. पानं मोजून घ्या.’ घरी येऊन मोजली. पानं पूर्ण आहेत — शेवटच्या पानाला फक्त खिडकी आहे. ‘पोलादपंख’ चित्रकथा, अंक तेहतीस, खालचा कोपरा चौकोनी कापलेला. पुढच्या बाजूचं कूपन गेलं आणि त्याच्याबरोबर मागचं, गोष्टीचं शेवटचं चित्रही. एकतीस ते पस्तीस, कुठल्याही दुकानात घ्या, पाचही अंकांत हीच तऱ्हा. वीस वर्षं धुंडाळतेय, एक धड अंक मिळत नाही.

४ मार्च

परत करायला गेले. हा जुन्या अंकांचा दुकानदार आधी पिना गंजल्यात का बघतो, मग गिऱ्हाईकाकडे. म्हणून पिनवाला. म्हणतो कसा, ‘एवढ्याशा भोकाने काय होतंय? मुलाला चालेल की.’

मुलाला! एकोणपन्नास वर्षांची बाई स्वतःसाठी अंक घेऊच शकत नाही का? म्हटलं, ‘मी एक्स-रे काढते. हाड मधूनच गायब असलं तर फिल्म पूर्ण म्हणून देऊ का?’ दुकानातले दोघे वळून बघायला लागले. बघा म्हटलं, खुशाल बघा. अंक त्याने परत घेतला, पण तोंड पाडून.

७ मार्च

दादाचा फोन. महिनाअखेरीला तो आणि वहिनी लेकीकडे चाललेत, कायमचे. विमानाने जावं लागतं इतकं लांब. मग म्हणाला, ‘चिमे, तुझ्या त्या लहानपणच्या पाचातला एखादा अंक देशील? आठवण म्हणून.’

वर तोंड करून मागतो! ज्याने कापले त्यालाच आठवण हवी!

मी सात वर्षांची होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी. शाळेत ‘काणी, काणी’ करायचे, म्हणून मी शाळेला जाईना. घरात बसून तेच पाच अंक वाचायची. एक दिवस डॉक्टरांकडून आले तर पाचही अंकांना भोक, आणि दादाच्या हातात कात्री. अकरा वर्षांचा घोडा! बाबांनी बदडला तरी तोंडातून शब्द काढला नाही. कूपनं कापली एवढं तेव्हाही कळलं होतं; कशाची ते मी कधी वाचलंच नव्हतं, गोष्टच तेवढी वाचायची. मागवलं असणार स्वतःसाठी विमान नाहीतर चाकू. मला दाखवलंही नाही.

फोनवर ‘बघते’ म्हणून ठेवून दिला.

१२ मार्च

सुट्टी. अंकांचं कपाट आवरलं. पिशव्या बदलल्या, सगळ्यात वरच्या खणातला मुखवटा पुसला. निळा रंग उडालाय, रबर कधीच तुटलंय. त्याच वर्षी माझ्या नावाने पोस्टाने आला होता. बाबा म्हणाले, ‘खुद्द पोलादपंखाने पाठवलाय.’ मला खरंच वाटलं! पट्टी त्याच्याआड झाकून दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. डोक्याला मोठा होता, सारखा घसरायचा. तरी त्यानंतर कुणी काणी म्हणालं नाही, उलट मुलं मागे लागायची, एकदा घालायला दे म्हणून. बाबांनीच आणला असणार, हे मोठेपणी कळलं. त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.

१९ मार्च

वहिनीचा फोन. ‘अंकाचं जाऊ दे, निघायच्या आधी भेटून तरी जा. ते बोलत नाहीत, पण वाट बघतायत.’

मी पण बेचाळीस वर्षं वाट बघतेय. एकदा ‘चुकलं’ म्हणाला असता तर जीभ झडली असती का?

२४ मार्च

नाही जाणार. अंक तर नाहीच नाही.

२७ मार्च

पिनवाल्याचा फोन, तोही कामावर. कुणा मास्तरांच्या ट्रंकेत तेहतिसावा मिळालाय, ‘तुमच्या भाषेत पूर्ण.’ जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून धावले.

शेवटचं चित्र बघितलं. पोलादपंख पाठमोरा उडत चाललाय. खाली ‘समाप्त’. एवढंच! यासाठी मी जन्मभर आदळआपट केली.

पान उलटलं. समोर कूपन.

‘अंक एकतीस ते पस्तीसमधली पाच कूपनं पाठवा आणि पोलादपंखाचा मुखवटा मिळवा.’ त्याखाली मुलाचं नाव, वय आणि पत्त्यासाठी रेघा.

पिनवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. ‘ताई, पाणी देऊ का?’

२८ मार्च

दादाच्या दाराशी मुखवटा हाताने तोंडावर धरला आणि बेल वाजवली. दार त्यानेच उघडलं. मागे सगळी खोकी बांधलेली.

‘तेव्हा घसरायचा,’ म्हणाला. ‘आता बसला.’

पाचही कापलेले अंक त्याच्या हातात दिले. विचारलं, बोलला का नाहीस रे इतकी वर्षं?

‘तू शाळाभर सांगत सुटली होतीस, पोलादपंखाने पाठवला म्हणून. मग मी कशाला मध्ये पडू?’